मागचं डावं दार

गाडीत एक आवाज होता, आणि तो चिरंजीवांना वारसाहक्काने मिळाला होता.

गाडीही मिळाली होती; पण गाडीचं काय, ती आईच्या लग्नाच्या आदल्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेली, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाच्या रंगाची, जागच्या जागी उभी राहणारी वस्तू होती. आवाज मात्र जिवंत होता. वळणावर तो आधी 'खुळुळुळु' करायचा आणि मग 'टण्'. सरळ रस्त्यावर गप्प. वडिलांनी हा आवाज कित्येक वर्षं शोधला, तो सापडला नाही, आणि आठ महिन्यांपूर्वी वडीलच गेले.

चिरंजीव हे काही त्यांचं नाव नव्हे. वडील ओळख करून देताना 'हे आमचे चिरंजीव' एवढंच म्हणायचे आणि तिथेच थांबायचे, कारण त्यापुढे बोलणं त्यांना उधळपट्टी वाटायचं. त्यामुळे अख्खी इमारत त्यांना चिरंजीव म्हणू लागली. वय चौतीस, टकलाचा शुभारंभ झालेला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात नोकरी, तरी चिरंजीव. कचेरीतून ते रोज 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' अशी चाळीसेक पत्रं धाडत. लोकांचा राग पाण्यावर असे आणि सही चिरंजीवांची असे.

वडील बोलायचे नाहीत, पण लिहायचे. म्हणजे काही साहित्य वगैरे नव्हे. घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला उघडली की बंद करण्यापूर्वी ते आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि बिघाड लिहून ठेवत. पंख्याच्या वाटीत लिहिलेलं होतं, 'बेअरिंग. आवाज बंद. आता झोपा.' भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीवर, 'पाच मिनिटं पुढे. मुद्दाम.' इस्त्रीच्या पोटात, 'वायर. पुन्हा ओढू नये.' वडील असताना हे कोणी वाचलं नव्हतं, कारण वस्तू तेच उघडायचे. ते गेल्यावर पंखा बंद पडला, चिरंजीव स्टुलावर चढले आणि 'आता झोपा' वाचून बराच वेळ खाली उतरले नाहीत. खालून बायकोने दोनदा विचारलं, "शॉक बसला का?"

आणि दर रविवारी आवाज ऐकायला जाणं असायचं. पाच वाजता वडील स्टिअरिंगवर बसत, आई नीट तयार होऊन मागे डाव्या बाजूला बसे, आणि दोघं तासभर गावाबाहेर वळणं शोधत हिंडत. वडील विचारत, "आज कुठून येतोय?" आई कान देऊन सांगे. लोकांना वाटे, बाईसाहेब मागे आणि ड्रायव्हर पुढे. लहानपणी चिरंजीवांनी हट्ट केला होता, मला पण न्या. वडील म्हणाले होते, "माणसं वाढली की आवाज नीट ऐकू येत नाही." तेव्हा चिरंजीव घरी बसून भूमिती करत. भूमितीही आली नाही आणि गाडीतही बसायला मिळालं नाही, ही त्यांची बालपणाची एकूण शिल्लक.

आता गाडी पार्किंगमध्ये उभी होती. वडिलांबरोबर तिच्या रस्त्यावर फिरण्याच्या दाखल्याची मुदतही संपली होती. पण दर रविवारी पाच वाजता आई तयार होई, खाली जाई, मागच्या डाव्या सीटवर बसे, अर्धा तास उभ्या गाडीत काचेबाहेर बघे आणि वर येई. यावर घरात कोणी काही बोलत नसे. फक्त बायको रविवारी साडेपाचला न सांगता चहा टाकायची.

म्हणून चिरंजीवांनी ठरवलं, दाखला काढायचा आणि आईला फिरवायचं. एवढंच. इतक्या साध्या ठरावातून माणूस पुढे दंतवैद्याचा शिक्का मागत फिरेल, असं कोणाला वाटलं असतं?

"हवा भरून आणतो," असं आईला सांगून आणि एका दिवसाचा परवाना घेऊन ते तपासणीच्या मैदानात गेले. तपासणी अधिकारी म्हणजे शब्द मोजून वापरणारा माणूस होता. त्याने दिवे लावले, ब्रेक दाबले, मैदानाला एक चक्कर मारली आणि वळणावर कान टवकारले.

"हा काय आवाज?"

"तो होय," चिरंजीव घरचा पाहुणा असल्यासारखं म्हणाले, "तो आमच्याकडे फार वर्षांपासून आहे."

"कशाचा आहे?"

"ते माहीत नाही. पण आमच्या घरचाच."

अधिकाऱ्याने फॉर्म फिरवून दाखवला. "इथे 'घरचा' असा रकाना नाही. ओळखीचा आणि अनोळखी, दोनच. कारण माहीत असेल तर ओळखीचा. नसेल तर अनोळखी. अनोळखी आवाज असलेली गाडी रस्त्यावर सोडता येत नाही. उद्या त्याने काही केलं तर?"

"कोणी? आवाजाने?"

"हो. जबाबदार कोण?"

'अनोळखी' वर खूण झाली. महिनाअखेरपर्यंत फेरतपासणी, तीत नापास झाली तर नंबर रद्द आणि गाडी भंगारात. चिरंजीव म्हणाले, "पण माझी तक्रार आहे." अधिकारी म्हणाला, "नोंद घेतो." हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसं लागतं, ते त्या दिवशी चिरंजीवांना पहिल्यांदा कळलं.

भंगाराचं आईला सांगायचं नाही, असं नवरा-बायकोचं ठरलं. फक्त सहज विचारायचं.

"आई, तो गाडीतला आवाज नक्की कुठून यायचा गं?"

आई शिवणयंत्रावर होती. तिचा पाय थांबला. "का रे?"

"असंच. काढून टाकावा म्हणतो."

"काढायचा कशाला? कोणाला चावतो का?" मग जरा थांबून म्हणाली, "उजवीकडून. पुढून."

झालं. जिने वर्षानुवर्षं दर रविवारी तासभर हा आवाज ऐकला, तिच्याहून मोठा तज्ज्ञ कोण? चिरंजीवांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री गाडीपेक्षाही जुने होते आणि चष्मा फक्त बोलताना लावायचे.

"साहेब," ते चष्मा लावून म्हणाले, "आवाज पकडायचा तर गाडीचं ऐकावं, मालकाचं नाही. दोन वळणं घेऊ द्या."

"परवाना संपला. रस्त्यावर नेता येत नाही."

"म्हणजे न ऐकता शोधायचा?"

"आईने ऐकलाय."

मिस्त्रींनी चष्मा काढला, म्हणजे त्यांच्या बाजूने संभाषण संपलं होतं.

पुढचं उजवं दार उघडलं. काही नाही. आई म्हणाली, मग डॅशबोर्ड असेल. डॅशबोर्ड काढला. आई म्हणाली, कधीकधी खालून यायचा. खालचा पत्रा काढला. एवढ्यात इमारतीला वास लागलाच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कोर्ट कारकून हातात वर्तमानपत्र घेऊन आले आणि त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घालून निकाल दिला, "डिकी. शंभर टक्के डिकी. यावर अपील नाही." डिकी रिकामी केली. तीत एक छत्री मिळाली, तीही कारकुनांचीच, अकरा वर्षांपूर्वी हरवलेली. ती त्यांनी ताब्यात घेतली आणि आपला निकाल बरोबर होता असं जाहीर केलं. तळमजल्यावरचे दंतवैद्य आपला इवलासा आरसा घेऊन आले, बॉनेटखाली घालून म्हणाले, "आ करा." सवय, दुसरं काय. मग म्हणाले, "इथे एक किडलंय, पण दुखतंय ते हे नाही."

गाडीचे भाग पार्किंगमध्ये ठेवायला मनाई होती, त्यामुळे ते वर घरात आले. पुढच्या सीट गॅलरीत, टायर बाथरूममध्ये, आणि मागची लांब सीट दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी. सोफा कुठे गेला, हे बायकोने विचारलं नाही. ती शब्द जपून ठेवत होती. कचेरीतले साहेब एकदा घरी आले, त्या सीटवर बसले आणि बसल्याबसल्या हात आपसूक वर करून पकडायला कडी शोधू लागले. चिरंजीवांचा कचेरीतला आब त्या दिवशी जो गेला तो गेलाच.

त्या रविवारी पाच वाजता आई तयार होऊन बाहेर आली. खाली गाडीत सीट नाही हे तिला आठवलं. ती दिवाणखान्यात आली, त्याच सीटच्या डाव्या कडेला बसली, आणि अर्धा तास समोरच्या भिंतीकडे, जरा डावीकडे वळून, काच असती तिथे बघत राहिली. चिरंजीव आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते पुढेही गेले नाहीत आणि मागेही आले नाहीत.

एव्हाना मिस्त्रींच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चिरंजीव जे उघडायची गरज नाही तेही उघडत होते.

कारण गाडीत सगळीकडे पेन्सिल होती. डॅशबोर्डच्या पाठीमागे, 'फ्यूज. घाट चढताना. ही घाबरली नाही.' ड्रायव्हरच्या सीटखाली, 'चिरंजीवांनी गोळी चिकटवली. काढली. निघाली नाही.' गोळी खरंच अजून तिथे होती, दगडासारखी. पुढच्या कप्प्याच्या आत, 'कडी तुटली. चिरंजीव म्हणतात मी नाही. बरं.' कडी त्यांनीच तोडली होती, इयत्ता चौथीत. वडिलांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं, आणि हे कळलं नसेल असं मानून ते पंचवीस वर्षं निर्धास्त जगले होते.

एकदा बायको खाली आली तर हे टपाचा दिवा उघडून बसलेले.

"हा कधी खुळखुळला?"

"खात्री करून घेतोय."

"काय लिहिलंय?"

"'बल्ब. साधा.'"

"मग?"

"मग काही नाही. साधा बल्ब." असं म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. बायकोने स्क्रूंचा डबा त्यांच्या हातातून घेतला नाही. ती शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्या आरशाच्या मागे बघितलंस का?"

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा गाडीचा सांगाडा आणि मिस्त्रींचा संयम, दोन्ही आरपार दिसू लागले होते.

"साहेब, एकच दार राहिलंय. मागचं डावं."

"ते नको. आई म्हणते त्यात काही नाही. ती तिथेच बसायची ना!"

मिस्त्रींनी चष्मा लावला. "साहेब, कानाशी असलेला आवाज माणसाला ऐकू आला नाही, आणि पलीकडच्या कोपऱ्यातला आला? हे तुम्हाला पटतं?"

चिरंजीवांना आत्तापर्यंत पटलं होतं. आता मोठ्याने विचारल्यावर पटेना. मिस्त्रींनी पहिला स्क्रू फिरवला मात्र, आणि जिन्यात चपलांचा आवाज आला. आई एवढ्या घाईने खाली कधी आली नव्हती.

"त्या दाराला हात लावू नका!"

"आई, फक्त बघतोय."

"त्यात काही नाही म्हटलं ना. दार चांगलं आहे. ह्यांनी स्वतः बसवलेलं आहे."

मग चिरंजीवांनी सांगून टाकलं. आवाज सापडला नाही तर नंबर रद्द. गाडी भंगारात. चार दिवस. आई ऐकत राहिली. गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हे आधी नाही सांगायचं? महिनाभर मला उजवीकडे उजवीकडे सांगायला लावलंस, मूर्खा!" आणि मिस्त्रींकडे बघून म्हणाली, "उघडा."

दाराच्या आतलं पुठ्ठ्याचं आवरण निघालं. दाराच्या तळाशी एक गोल, चपटी, भोकाभोकांची लोखंडी वस्तू आडवी पडली होती. शिवणयंत्रातली, खालचा दोरा गुंडाळायची बॉबिन. मिस्त्रींनी दार हलवलं. खुळुळुळु. टण्.

चिरंजीवांनी सवयीने पुठ्ठा उलटा केला.

पुठ्ठ्यावर दोन नोंदी होत्या. पहिली: 'मागचं डावं दार. बॉबिन सापडली. काढली. आवाज बंद.' तिच्याखाली, चार महिन्यांनंतरच्या तारखेची दुसरी: 'पुन्हा आवाज. बॉबिन. ही दुसरी. असू दे.'

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. तिचा चष्मा वर राहिला होता.

चिरंजीवांनी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"पहिली खरंच पडली होती," आई म्हणाली. "मांडीवर शिवणाची पिशवी होती, काचेच्या फटीतून गेली. मला माहीत होतं, पण हे म्हणाले आवाज शोधायला जाऊ, आणि मी म्हटलं, जाऊ. मग रविवार रविवार जाऊ लागलो. मग एके दिवशी आवाजच बंद. मला वाटलं, गेली कुठेतरी गाळात. आणि हे रविवारी घरी पेपर वाचत बसायला लागले." तिने दारावर चापट मारली. "चार महिने पेपर वाचला त्यांनी. शेवटी मी खाली येऊन दुसरी टाकली."

"मुद्दाम?"

"नाही तर काय, अपघाताने? तारीख काय आहे त्या खालच्याची?"

चिरंजीवांनी तारीख सांगितली. आईने बोटांवर मोजलं, एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली, पुन्हा पहिल्यावर आली.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं हा माणूस दर रविवारी मला विचारत होता, आज कुठून येतोय?"

"आणि तू?"

"मी म्हणायचे, उजवीकडून."

"आणि बाबा?"

"म्हणायचे, बघतो." आईने बॉबिन मिस्त्रींच्या हातून घेतली आणि पदराने पुसली. "आणि मी मनात म्हणायचे, बिचाऱ्यांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही."

मिस्त्रींनी चष्मा काढला होता, आणि या वेळी तो ते बराच वेळ पुसत राहिले.

पुढचे दोन दिवस गाडी पुन्हा जोडण्यात गेले. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजही कोणाला ठाऊक नाही. बायकोने व्यवहारी तोडगा काढला होता: बॉबिन खिशात ठेव, गाडी पास करून आण, मग परत टाक. चिरंजीव तसेच निघाले. आई म्हणाली, मी पण येते, आणि तयार होऊन मागे डाव्या बाजूला बसली. पुन्हा एका दिवसाचा परवाना, पुन्हा मैदान. चक्कर झाली. वळण आलं. गाडी मुकाट.

अधिकारी उतरला. त्याचा चेहरा पहिल्यापेक्षा गंभीर होता.

"आवाज कुठे गेला?"

"गेला," चिरंजीव आनंदाने म्हणाले.

"आपोआप? अनोळखी आवाज आपोआप गेला, तर ते जास्त धोक्याचं. मागच्या वेळी निदान तो कुठे आहे हे माहीत होतं. गाडीत होता."

चिरंजीवांनी बॉबिन काढून दाखवली. अधिकाऱ्याने ती पालथीसुलटी केली. "ही गाडीतच होती याला पुरावा?"

चिरंजीवांनी पुठ्ठा बरोबर आणला होता. का आणला होता, ते त्यांना सांगता आलं नसतं. तो घरी ठेवून निघवलं नव्हतं, एवढंच. अधिकाऱ्याने दोन्ही नोंदी वाचल्या.

"हे हस्ताक्षर कोणाचं?"

"वडिलांचं."

"ते येऊ शकतील?"

"नाही," चिरंजीव म्हणाले.

अधिकाऱ्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा मागच्या सीटकडे बघितलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "मग साक्षांकित प्रत लागेल."

झेरॉक्सच्या दुकानात पुठ्ठा यंत्रात मावेना. चार तुकड्यांत प्रत निघाली. 'असू' एका कागदावर आणि 'दे' दुसऱ्यावर गेला. साक्षांकित कोण करणार? कोर्ट कारकुनांना फोन केला, तर त्यांचा शिक्का त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला होता. शेवटी दंतवैद्यांनी एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून चारही कागदांवर 'खरी प्रत' लिहिलं आणि आपला शिक्का मारला. शिक्क्यात मध्यभागी एक दाढ होती.

अधिकाऱ्याने दाढ बघितली, नियमांचं पुस्तक बघितलं. दाढेविरुद्ध त्यात काही नव्हतं.

"इथे 'असू दे' असं मालकाने लिहिलंय," तो म्हणाला. "म्हणजे मालकाच्या संमतीने ही वस्तू गाडीचा भाग झाली. आणि तुम्ही भाग काढून गाडी तपासणीला आणलीत. हे चालत नाही. बसवा."

चिरंजीव दाराकडे वळले, पण आईने काच अर्धी खाली करून हात पुढे केला होता. बॉबिन घेऊन तिने ती काचेच्या फटीत धरली, मनगट जरासं वळवलं आणि सोडली. हात सराईत होता. आत टण् असा आवाज झाला.

अधिकाऱ्याने आणखी एक चक्कर मारली, वळणावर मान हलवली आणि फॉर्म भरला. आवाज: ओळखीचा. कारण: बॉबिन, एक.

घरी येऊन चिरंजीवांनी पुठ्ठा परत बसवला. त्याआधी कानामागची पेन्सिल काढून तिसरी ओळ लिहिली. लिहायला खूप होतं, मोठं पत्रच होतं म्हणा ना, आणि त्यांचा पत्रांवर हातही बसलेला. पण जागा थोडी होती आणि घराण्याची एक पद्धत होती. त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं, 'उघडलं. वाचलं. कडी मीच तोडली.'

रविवारी पाच वाजता आई तयार होऊन खाली आली. चिरंजीव स्टिअरिंगवर बसले. बायको वर गॅलरीतच थांबली, म्हणाली, "माणसं वाढली की आवाज नीट ऐकू येत नाही." चौतिसाव्या वर्षी चिरंजीव पहिल्यांदाच आवाज ऐकायला निघाले होते. भूमिती सुटली होती.

गावाबाहेर पहिलं वळण आलं. खुळुळुळु. टण्.

चिरंजीवांनी आरशात बघितलं. आई काचेबाहेर बघत होती. त्यांनी घसा साफ केला. हा प्रश्न विचारायचा आवाज आपल्याला जमेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

"आज कुठून येतोय?"

आईने डोळे मिटले. दाराला कान लावून तिने नीट ऐकलं, अगदी शेवटच्या टण् पर्यंत.

"उजवीकडून," ती म्हणाली.

"बघतो," चिरंजीव म्हणाले, आणि पुढचं वळण शोधू लागले.